दुधाच्या पिशवीचा कार्बनी हिशेब

दुधाच्या पिशवीवर बरेच काही छापलेले असते. स्निग्धांश किती, स्निग्धेतर घनपदार्थ किती, पिशवी कोणत्या तापमानाला ठेवायची, कोणत्या तारखेपर्यंत वापरायची, किंमत किती. यातला प्रत्येक आकडा कोणीतरी मोजलेला असतो. पण हे अर्धा लिटर दूध आपल्या दारात येईपर्यंत वातावरणात किती हरितगृह वायू गेले, हा आकडा तिथे नसतो. तो काढायचा झाला तर कसा काढायचा? आणि तो कमी करायचा असेल तर दूधसंघाने आधी कुठे हात घालायचा?

प्रश्न लहान नाही. १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली आणि १९९८ पासून भारत हा जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. २०२३-२४ या वर्षात आपल्याकडे सुमारे २३.९ कोटी टन दूध निघाले. दर किलो दुधामागे एकच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचला, तरी देशात वर्षाला सुमारे २ लाख ३९ हजार टन वाचेल. म्हणून हा हिशेब अंदाजाने न करता आकड्यांनी करणे बरे. त्याला शाळेतले भौतिकशास्त्र आणि त्रैराशिक पुरते.

ठसा म्हणजे काय?

एखादी वस्तू तयार होऊन वापरली जाईपर्यंत तिच्यापायी जेवढे हरितगृह वायू हवेत जातात, त्यांच्या बेरजेला कार्बन फूटप्रिंट म्हणतात. आपण त्याला ‘कार्बनचा ठसा’ म्हणू. हे वायू वेगवेगळे असतात आणि त्यांची उष्णता अडवून धरण्याची ताकदही वेगवेगळी असते. म्हणून सगळ्यांना कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतात. शंभर वर्षांचा काळ धरला, तर गाईच्या पोटातून निघालेला १ किलो मिथेन हा सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. १ किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलोइतका ठरतो. मिथेन हवेत फार काळ टिकत नाही. त्याचे आयुष्य सरासरी १२ वर्षांच्या आसपास असते. त्यामुळे वीस वर्षांचाच काळ धरला, तर त्याचा पट ८० च्या घरात जातो. या लेखात आपण शंभर वर्षांचे माप वापरू आणि ‘ग्रॅम’ म्हटले की ते कार्बन डायऑक्साइडच्या मापातले समजू.

इथे विद्यार्थी हमखास एक शंका काढतात. गाय श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडते, तो का मोजायचा नाही? कारण तो कार्बन गवताने नुकताच हवेतून घेतलेला असतो. गाईने तो परत हवेत सोडला, की उधार-उसनवार फिटली. पण तोच कार्बन मिथेन होऊन बाहेर पडला, तर हवेत असेपर्यंत तो कितीतरी पट जास्त उष्णता अडवतो. म्हणून श्वास हिशेबाबाहेर राहतो आणि मिथेन हिशेबात येतो.

एका लिटरचा हिशेब

सोयीसाठी १ लिटर दूध म्हणजे १ किलो धरू. दुधाची विशिष्ट उष्मा धारकता किलोमागे, अंशामागे सुमारे ३.९ किलोज्यूल असते. विजेच्या एका युनिटमागे भारतात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १ लिटर डिझेल जाळले, की २.६८ किलो. आता आपण दुधाबरोबर चालत जाऊ.

पहिला मुक्काम गोठा. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गाईसाठी वर्षाला ५८ किलो मिथेन आणि ९०० किलो दूध असे सरासरी आकडे धरलेले आहेत. ५८ ला २७ ने गुणले, की १५६६ किलो. त्याला ९०० ने भागले, की दर लिटरमागे सुमारे १७४० ग्रॅम.

दुसरा मुक्काम गावातले शीतकरण केंद्र. दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचे, म्हणजे १२१ किलोज्यूल उष्णता काढायची. थंड करणारे यंत्र १ भाग वीज घेऊन ३ भाग उष्णता बाहेर काढते असे धरले, तर विजेचे ०.०११ युनिट लागते. ठसा ८ ग्रॅम.

तिसरा टप्पा रस्ता. १०,००० लिटरचा टँकर १०० किलोमीटर जाऊन परत आला आणि लिटरमागे ४ किलोमीटर धावला, तर ५० लिटर डिझेल जळते. म्हणजे १३४ किलो कार्बन डायऑक्साइड. दर लिटर दुधामागे सुमारे १३ ग्रॅम.

चौथा मुक्काम कारखाना. तिथे दूध ४ अंशांवरून ७२ अंशांवर नेऊन १५ सेकंद ठेवतात आणि पुन्हा ४ अंशांवर आणतात. हेच पाश्चरीकरण. तापवायला २६५ किलोज्यूल आणि थंड करायला पुन्हा तेवढेच. कोळशाचा बॉयलर आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तापवण्याचे ३६ ग्रॅम होतात. सगळे काम यंत्राने करून दूध थंड केले, तर त्याचे १७ ग्रॅम. मिळून ५३ ग्रॅम. प्रत्यक्षात हा आकडा एवढा मोठा नसतो; का ते पुढे येईलच.

पाचवी गोष्ट पिशवी. अर्ध्या लिटरची एक पिशवी अडीच-तीन ग्रॅम भरते. लिटरला दोन पिशव्या लागतात. पॉलिथिन तयार करताना त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास.

आता आकडे एकाखाली एक मांडू:

गाईचे पोट – १७४० ग्रॅम
गावातले शीतकरण – ८ ग्रॅम
टँकर – १३ ग्रॅम
पाश्चरीकरण (उष्णता परत न वापरता) – ५३ ग्रॅम
पिशवी – ११ ग्रॅम

चारा पिकवताना लागणारे खत, शेणातून निघणारे वायू, दुकानातले शीतकपाट हे यात धरलेले नाही, कारण ते आकडे गावोगाव फार बदलतात. खत आणि शेण धरले, तर गोठ्याच्या बाजूचे पारडे आणखी जड होते. हेही लक्षात ठेवू, की आपल्याकडची गाय शेण आणि गोऱ्हेही देते आणि पुष्कळदा माणसाला निरुपयोगी असलेला कडबा खाऊन जगते. सगळा मिथेन दुधाच्याच खात्यावर टाकणे तिच्यावर थोडा अन्याय आहे. तरी आकड्यांचा क्रम त्याने बदलत नाही.

पिशवी आणि टँकर आपल्याला दिसतात, म्हणून चर्चा त्यांचीच होते. आकडे दुसरीकडे बोट दाखवतात.

गाईच्या पोटात

गाय रवंथ करणारा प्राणी आहे. तिच्या पोटाचा सगळ्यांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे असंख्य सूक्ष्मजीव हवेशिवाय कडब्यातले सेल्युलोज फोडतात. त्यामुळेच आपल्याला न पचणाऱ्या काडीचे दूध होते. या किण्वनात हायड्रोजन निघतो. तो साचून राहिला, तर किण्वनच थांबेल. काही सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात आणि गाय तो मुख्यतः ढेकरांवाटे सोडते. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेचा साधारण ६ टक्क्यांच्या आसपास भाग असा निघून जातो. म्हणजे मिथेन हा हवेचा तोटा आहेच, शिवाय शेतकऱ्याचाही आहे. पैसे देऊन आणलेली पेंड ढेकर होऊन जाते.

हा आकडा कमी कसा करायचा? पहिला मार्ग जुनाच आहे. एसटीची गाडी दहा उतारू घेऊन धावो की पन्नास, डिझेल जवळपास तेवढेच जळते; उतारूमागचा खर्च मात्र बदलतो. गाईचेही तसेच आहे. तिच्या खाण्याचा मोठा भाग केवळ जगण्यासाठी लागतो. समजा, चांगला चारा आणि औषधपाणी मिळालेली संकरित गाय वर्षाला २४०० लिटर दूध देते आणि जास्त खात असल्यामुळे ७५ किलो मिथेन सोडते. तिचा हिशेब दर लिटरला सुमारे ८४० ग्रॅम येतो. गाईने सोडलेला मिथेन वाढला, तरी लिटरमागचा ठसा निम्म्याहून कमी झाला.

भाकड काळाचेही तसेच. वरच्या सरासरीने गाय रोज सुमारे ४.३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका मिथेन सोडते. वेळेवर गाभण न राहिल्यामुळे ती १०० दिवस जास्त भाकड राहिली, तर ४३० किलोंचा बोजा दुधाविना पडतो. आपल्या टँकरच्या तीन खेपांचे डिझेल यापेक्षा कमी होते. दूधसंघाने गावात वेळेवर रेतनाची सोय केली, कासदाह लवकर ओळखला, खनिज मिश्रण आणि संतुलित आहार यांचा सल्ला दारात पोचवला, तर ते कार्बनचेही काम झाले. कडबा कुट्टी करून घालणे आणि सुक्या वैरणीबरोबर हिरवा, द्विदल चारा देणे यानेही पचन सुधारते.

दुसरा मार्ग मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांनाच आवर घालण्याचा. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्थेने जाहीर केले आहे. ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हे संयुग मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या विकरालाच अडवते. त्याला युरोपीय संघाने २०२२ मध्ये दुभत्या गाईंसाठी परवानगी दिली. त्याने साधारण ३० टक्के घट दिसते. मात्र असे पदार्थ रोजच्या खाण्यातून जावे लागतात, आणि त्यांचा खर्च कोणीतरी करावा लागतो.

कारखान्याच्या भिंतीआड

कारखान्यातला आकडा लहान असला, तरी तो पूर्णपणे दूधसंघाच्या हातात असतो. शिवाय तिथली बचत थेट इंधनाच्या बिलात दिसते.

वर पाश्चरीकरणाचे ५३ ग्रॅम आले. पण जरा विचार करा. एका बाजूने ७२ अंशांचे दूध बाहेर पडते आहे, त्याला थंड करायचे आहे. दुसऱ्या बाजूने ४ अंशांचे दूध आत येते आहे, त्याला तापवायचे आहे. मग दोघांची गाठ का घालू नये? पातळ पोलादी पत्र्यांच्या एका बाजूने गरम दूध आणि दुसऱ्या बाजूने उलट दिशेने थंड दूध वाहू देतात. ९० टक्के उष्णता अशी परत मिळवली, तर आत येणारे दूध गरम पाण्याला भेटण्याआधीच ६५ अंशांवर पोचते आणि बाहेर जाणारे दूध बर्फाळ पाण्याला भेटण्याआधी ११ अंशांवर उतरते. ५३ ग्रॅमचे सुमारे ५ ग्रॅम होतात. बहुतेक दुग्धशाळांत ही सोय असतेच.

मग आणखी करायला काय उरले? ९० टक्क्यांचे ९४ केले, तर फरक चारच टक्क्यांचा दिसतो. पण बाहेरून द्यायची उष्णता १० टक्क्यांवरून ६ वर येते, म्हणजे ४० टक्क्यांनी घटते. याउलट पत्र्यांवर दुधातल्या क्षारांचा आणि प्रथिनांचा थर बसला, की ही कमाई हळूहळू निसटते. म्हणून पत्रे वेळेवर धुणे हेही कार्बनचेच काम आहे.

बॉयलरमधून गेलेल्या वाफेचे काम झाल्यावर गरम पाणी होते. ते गटारात न सोडता बॉयलरकडे परत आणले पाहिजे. बॉयलरला जाणारे पाणी दर ६ अंशांनी जास्त गरम असेल, तर सुमारे १ टक्का इंधन वाचते. ३० ऐवजी ९० अंशांचे पाणी मिळाले, तर १० टक्के बचत झाली.

७०–८० अंशांपर्यंतची उष्णता सूर्यही देऊ शकतो. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत २००६ च्या सुमारास ‘अरुण’ ही सूर्यामागे फिरणारी, सुमारे १६० चौरस मीटरची मोठी परावर्तक तबकडी बसवली गेली होती. आयआयटी मुंबईच्या सहकार्याने ती विकसित झाली होती.

दुधाची भुकटी करणारा कारखाना असेल, तर मामला मोठा होतो. १ किलो भुकटीसाठी सुमारे ११ किलो साय काढलेले दूध आटवून १० किलो पाणी उडवावे लागते. पाण्याचा बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा किलोला सुमारे २२६० किलोज्यूल, तेव्हा नुसते तापवण्याशी याची तुलनाच नाही. इथे युक्ती अशी, की एका भांड्यातल्या दुधाची निघालेली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवायला वापरायची. कमी दाबाखाली दूध कमी तापमानाला उकळते, म्हणून हे जमते. अशी चार भांडी ओळीने लावली, तर १ किलो ताज्या वाफेत जवळपास ४ किलो पाणी उडते. शेवटचा टप्पा गरम हवेत फवारून वाळवण्याचा; तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून फवारण्याआधी दूध आटवता येईल तितके आटवून घेणे हाच काटकसरीचा मार्ग.

शीतयंत्रांतल्या वायूकडेही लक्ष हवे. मोठ्या दुग्धशाळांत बहुधा अमोनिया असतो आणि त्याचा हरितगृह परिणाम जवळजवळ शून्य. लहान शीतकांत मात्र आर-२२ किंवा आर-४०४ए असे वायू सापडतात. पहिल्याचा पट १८०० च्या पुढे, तर दुसऱ्याचा सुमारे ३९००. दहा किलो आर-२२ गळून गेला, की १८ टनांचा बोजा झाला. म्हणजे सुमारे ६७०० लिटर डिझेल जाळल्यासारखे. सैल झालेली एक जोडणी घट्ट करणे कधीकधी टँकरच्या १३० खेपांच्या तोडीचे असते.

नासलेले दूध

आता एका उलट्या वाटणाऱ्या निष्कर्षाकडे येऊ. वीज वाचवायची म्हणून गावातले शीतकरण आखडते घ्यावे का? शीतकरणाचे ८ ग्रॅम आपण काढले. पण लिटरभर दूध नासले, तर त्यामागचे १७४० ग्रॅम वाया जातात. शंभरातले एकच लिटर नासले, तरी उरलेल्या प्रत्येक लिटरवर सुमारे १८ ग्रॅम चढतात. टँकरचे सगळे डिझेल त्याहून कमी आहे. म्हणून दूध काढल्यापासून थंड होईपर्यंतचा वेळ कमी करणे, किटल्या स्वच्छ ठेवणे, वीज गेल्यावरही थंडावा टिकवणारी बर्फाची टाकी ठेवणे हे सर्व ठसा कमी करणारेच उपाय. जिथे बोजा आधीच मोठा झालेला आहे, तिथे माल जपण्यासाठी थोडी ऊर्जा खर्च करणे शहाणपणाचे.

पनीर किंवा चक्का करताना गळणाऱ्या पाण्याचेही असेच. त्यात दुग्धशर्करा आणि प्रथिने असतात. ते उघड्या डबक्यात सोडले, तर कुजून मिथेन देते. बंद टाकीत कुजवून तो मिथेन पकडला, तर तोच बॉयलरला इंधन होतो.

शेणाचे दोन रस्ते

शेण पाण्याबरोबर खड्ड्यात साचले, की हवा न मिळाल्याने मिथेन सुटतो. बायोगॅसच्या टाकीत तोच मिथेन आपण पकडतो. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून १ घनमीटर बायोगॅस मिळतो आणि तो साधारण ०.४५ किलो स्वयंपाकाच्या गॅसचे काम करतो. म्हणजे १.३५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचला, शिवाय स्लरीचे खत हाती आले. पण त्या एका घनमीटरात सुमारे ०.४ किलो मिथेन असतो. तो सगळा गळला, तर बोजा जवळपास ११ किलोंचा. म्हणजे आठवा भाग जरी गळत राहिला, तरी सिलिंडरची बचत धुऊन निघते. संघाने टाक्या वाटल्या तर दुरुस्ती करणारा माणूसही द्यायला हवा.

दर लिटर की एकूण?

हिशेबात एक फट राहते. लिटरमागचा ठसा निम्मा झाला आणि दूध दुप्पट झाले, तर हवेत जाणारे वायू होते तेवढेच राहतात. वातावरणाला लिटर कळत नाहीत, एकूण किलो कळतात. म्हणून कोणी ‘आमचा ठसा ३० टक्क्यांनी घटला’ असे म्हटले, की विचारावे: दर लिटर, की एकूण? आणि कारखान्याच्या फाटकाच्या आतला, की गोठ्यापासूनचा? फाटकाच्या आतलाच हिशेब मांडला, तर आपल्या तक्त्यातली सगळ्यांत मोठी ओळ हिशेबातून गळते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. आपल्याकडचे दूध दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या घरांतून येते. ठशाचा मोठा भाग त्यांच्या गोठ्यात असला, तरी तो कमी करण्याचा भुर्दंड त्यांच्यावर टाकता येणार नाही. पूरक खाद्य शेतकऱ्याने विकत घ्यायचे आणि घटलेला आकडा संघाच्या अहवालात झळकायचा, ही वाटणी न्याय्य नाही आणि टिकणारही नाही. आहार सुधारल्याने दूध वाढते तिथे शेतकऱ्याला परतावा मिळतो. जिथे नुसता मिथेन घटतो, तिथे दुधाच्या दरातून त्याला मोबदला मिळाला पाहिजे. दूधसंघाने छपरावर सौर पट्ट्या जरूर बसवाव्यात. पण गावात पशुवैद्य वेळेवर पोचतो की नाही, यावर त्याच्या ठशाचे भवितव्य जास्त अवलंबून आहे.

वर्गासाठी

१. समान वस्तुमानाचे ८० अंशांचे गरम पाणी आणि २० अंशांचे थंड पाणी न मिसळता एकमेकांशेजारी ठेवले, तर दोन्ही ५० अंशांवर येतात. मग ९० टक्के उष्णता परत कशी मिळते? गरम पाण्याचे ग१, ग२ आणि थंड पाण्याचे थ१, थ२ असे सारखे भाग करा. आधी ग१ ला थ१ भेटवा: दोन्ही ५०. मग ग१ ला थ२: दोन्ही ३५. मग ग२ ला थ१: दोन्ही ६५. शेवटी ग२ ला थ२: दोन्ही ५०. आता थंड पाण्याची सरासरी ५७.५ झाली आणि गरम पाण्याची ४२.५! थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जास्त तापले. आणखी भाग केले तर काय होईल, ते विद्यार्थ्यांना काढू द्या. धातूचे पेले आणि तापमापक घेऊन प्रयोगही करता येईल; थोडी उष्णता हवेत जाईल, ती किती तेही मोजता येईल.

२. दुधाच्या दहा रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून एकत्र तोला आणि एका पिशवीचे वजन काढा. आपल्या तक्त्यातला आकडा तपासून पाहा.

३. गावातल्या दूध संकलन केंद्रावर महिन्यात किती दूध नासले म्हणून परत गेले, ते विचारा. त्याची तुलना त्या महिन्याच्या टँकरच्या डिझेलशी करा. कोणता आकडा मोठा येतो, ते केंद्राच्या लोकांनाही कळवा.